टेडीला दिलेला आवाज

१४ ऑक्टोबर

न्यायाधीशाची भूमिका हातची गेली. ग्रेटानं फोन केला आणि आधी बराच वेळ हवेबद्दल बोलली, त्यावरूनच मला कळलं. इतकी वर्षं ती माझी कामं बघते. बातमी चांगली असली की ती 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही.

त्यांना म्हणे लोकांनी फार न पाहिलेला चेहरा हवाय. माझा चेहरा नऊ वर्षं दर रविवारी साऱ्या आयर्लंडनं टीव्हीवर पाहिला, पोलीस सार्जंट म्हणून. अजूनही दुकानात एखादी म्हातारी पावासमोर मला गाठते आणि विचारते, सार्जंट, माझी सायकल सापडली का? मालिका गुंडाळताना त्यांनी सार्जंटला कालव्यात बुडवलं. त्यानंतर मी विकलोच्या चिखलात तलवारी घेऊन पळालो, बाहेरच्या देशांतून येऊन इथे चित्रपट काढणाऱ्यांसाठी. त्यात मी पहिल्या अर्ध्या तासात मरतो. एका वर्षी तीनदा मेलो.

मग ग्रेटा म्हणाली की एक पुस्तक आहे, ऐकायच्या आवृत्तीसाठी वाचायचं. जाडजूड कादंबरी, दोन भाऊ, कॅव्हनमधलं शेत. ज्यानं वाचायचं होतं त्याचा घसा बसलाय आणि स्टुडिओ तर घेऊन ठेवलाय. चार दिवसांत सुरू करायचं. मी हो म्हणालो. गेली सहा-सात वर्षं घरभाडं पुस्तकंच देतात, चेहरा देत नाही.

१६ ऑक्टोबर

या धंद्यात एकच नियम मी नवख्यांना सांगत आलोय. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एका बिचाऱ्यानं अख्खी कादंबरी नायकाला डब्लिनी आवाज देऊन वाचली आणि शेवटून दुसऱ्या पानावर वाक्य आलं, 'तो आपल्या जाड स्कॉटिश उच्चारात म्हणाला.' आम्ही त्यावर अजून हसतो.

माझं एक-तृतीयांश वाचून झालंय. धाकटा भाऊ शहरात जातो, थोरला टेडी शेतावर राहतो. टेडी मजेदार आहे. गाईशी राजकारणावर बोलतो, छत्री विकत घेतो आणि ती भिजू नये म्हणून कोटाच्या आत धरतो.

संध्याकाळी मॅलकीचा, माझ्या भावाचा, फोन. लीट्रिमच्या आमच्या शेतावरून तो फोन करतो तो सहसा कोणी गेलं की. या वेळी कोणी गेलं नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन करायचं ठरलंय, नाव यादीत लागलंय, तारीख कधीही येईल. त्यानंतर काही आठवडे त्याला वाकता येणार नाही. गुरं तेव्हा गोठ्यातच असतील, त्यांना सकाळ-संध्याकाळ मुरघास टाकावा लागेल. हे सगळं त्यानं असं सांगितलं की जणू शेजारच्या गावातल्या कुणाची गोष्ट आहे. मीच म्हणालो, मी येतो की. त्यात काय.

"तुला सुट्टी मिळेल?" त्यानं विचारलं.

"मला सुट्टीशिवाय काय मिळतंय, मॅलकी?"

त्यावर तो हसला आणि त्याच्या पद्धतीनं हो म्हणाला. मॅलकी 'हो' बाहेर सोडत नाही, आत ओढतो. आमच्याकडची जुनी माणसं असंच करतात: ओठ जरासे उघडायचे आणि श्वास आत घ्यायचा, गरम चहाचा घोट घेताना होतो तसा आवाज. डब्लिनला आल्यावर पहिल्या वर्षात माझा तो गेला. त्याचा त्रेसष्टाव्या वर्षीही शाबूत आहे.

१८ ऑक्टोबर

पहिला दिवस. लोकरीचा स्वेटर नको, तो कुजबुजतो. पोट रिकामं नको, ते बोलतं. हिरव्या सफरचंदाच्या फोडी जवळ ठेवायच्या म्हणजे जीभ टाळूला चिकटत नाही. मग ध्वनिमुद्रणाच्या त्या डब्याएवढ्या खोलीत बसायचं आणि काचेपलीकडे यंत्रांवर युनन. युनन डोनेगलचा, चांगल्या कानाचा, माझ्याहून खूप लहान. चुकलो की तो मागच्या वाक्यावर नेतो, मी त्यात पाऊल टाकतो आणि पुढे चालतो.

टेडी आला तेव्हा मी फार विचार केला नाही. इतकी पात्रं सांभाळायची म्हणजे प्रत्येकाला ओळखीचा कोणीतरी जोडावा लागतो, नाहीतर पन्नास पानांनंतर आवाज हातातून निसटतो. आम्ही सगळेच असं करतो. शाळेतले मास्तर, मावशी, कसाई. टेडीला मी मॅलकी दिला. तोंड उघडलं आणि तो आलाच, वाक्याच्या शेवटी आवाज खाली ठेवायची त्याची सवय, नाकातून निघणारं हसू, आणि तो हो.

युनननं थांबवलं. म्हणाला, तो श्वास आलाय, कापतो.

मी म्हणालो, तो श्वास नाही, तो शब्द आहे. युनन काचेतून बघत राहिला आणि मग त्याला हसू फुटलं. त्याची आजी असंच करायची म्हणे. तो म्हणाला की लंडनचे लोक तो आवाज दोष समजून काढतील, पण तो प्रत्येक ठिकाणी खूण करून ठेवेल.

खूप दिवसांनी घरी जाताना बरं वाटत होतं.

२४ ऑक्टोबर

लंडनच्या प्रकाशनातल्या बाईनं पहिली प्रकरणं ऐकली. तिनं ग्रेटाला कळवलं की टेडीसारखं पात्र तिनं वाचनात इतकं जिवंत कधी ऐकलेलं नाही. ग्रेटानं फोनवर 'हॅलो' म्हटलं नाही.

मी पुढचं वाचून काढायला हवं. पण दिवसभर वाचून घरी आल्यावर डोळ्यांपुढे अक्षरं नकोशी होतात. आता रोज उद्याची पानं तेवढी चाळतो.

नऊ वर्षांत सार्जंटबद्दल असं कोणी काही म्हटलं नव्हतं. सार्जंटला लोक हात हलवायचे, एवढंच.

२ नोव्हेंबर

एकतिसावं प्रकरण बसमध्ये वाचायचं ठरवलं होतं. बसमध्ये एका गृहस्थानं मला ओळखलं आणि आपल्या जावयाच्या तक्रारी सार्जंटकडे नोंदवल्या. त्यामुळे ते पहिल्यांदा वाचलं ते माईकपुढेच.

टेडीचा बाप संध्याकाळी कोसळतो. छातीला हात लावून अंथरुणात पडतो आणि डॉक्टरला बोलव म्हणतो. टेडी स्वयंपाकघरात येतो आणि चुलीपाशी बसतो. बस्स, बसतो. जमीन त्याला हवी असते, धाकट्याच्या नावे व्हायच्या आत. थोड्या वेळानं बाप आतून विचारतो, बोलावलंस का? आणि टेडी हो म्हणतो.

मी तो हो आत ओढला. मला ठरवावं लागलं नाही, तो तसाच आला. मग गोष्टीत सकाळ होऊन बाप गेलेला असतो तिथपर्यंतची पानं एका दमात वाचली. एकही चूक नाही. संपलं तेव्हा काचेपलीकडे युनन हेडफोन न काढता बसून होता. मग म्हणाला, हे पुन्हा घ्यायचं नाही, हे असंच ठेवायचं.

मी बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो.

आमचे बाबा गेले तेव्हा मी हंगेरीत होतो, कुठल्याशा राजाचा सरदार. इकडे बर्फ पडलं होतं, फोनच्या तारा तुटल्या होत्या, घरात मॅलकी एकटा. डॉक्टर सकाळी आला. मला माहीत आहे ते एवढंच. दफनानंतर काही लोक बोलले की रस्ता बंद असला तरी ट्रॅक्टर होता की. मॅलकीनं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारायचं काय, असं वाटायचं.

३ नोव्हेंबर

युननला सगळं सांगितलं. तो म्हणाला, टेडीची वाक्यं सगळी वेगळ्या आवाजात पुन्हा घेता येतील, कटकट आहे पण होईल, दोन दिवस पुरतील. दुरुस्त्यांसाठी जानेवारीचे आठ आणि नऊ हे दिवस राखून ठेवलेच आहेत. मग त्यानं विचारलं, "पण तुमचे भाऊ पुस्तकं ऐकतात का?"

मॅलकी शेतकऱ्यांचं साप्ताहिक वाचतो आणि मयताच्या बातम्या ऐकतो.

जानेवारीला वेळ आहे.

१९ डिसेंबर

मॅलकीची तारीख आली. नऊ जानेवारी.

म्हणजे आठ-नऊला मी लीट्रिममध्ये असणार. युननला कळवून टाकलं की दुरुस्त्यांचे दिवस मला जमणार नाहीत, घरचं काम आहे, भावाचं ऑपरेशन. त्याला माझं कारण पटलं. कोणालाही पटेल. एका अर्थानं मॅलकीसाठीच मी ते सोडलं.

तो म्हणाला, "म्हणजे टेडी आहे तसा जाऊ दे?"

मी म्हणालो, जाऊ दे.

५ जानेवारी

ग्रेटाचा फोन, 'हॅलो'शिवाय. विकलोला चित्रपट चालू आहे, त्यातला धर्मगुरू म्हणून घेतलेला माणूस आजारी पडला. आठपासून तीन दिवस. छोटी भूमिका, पण दिग्दर्शक मोठा आणि माणूस शेवटपर्यंत जिवंत राहतो. ती म्हणाली, उल्टन, अशी संधी या वयात पुन्हा येत नाही. 'या वयात' तिनं हळू म्हटलं.

मी कन्सेप्टा गिलरेनला फोन केला. तिचं शेत आमच्या बांधाला लागून, आम्ही एका वर्गात होतो. मी सगळी परिस्थिती सांगितली. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग म्हणाली की तिनं तसंही धरूनच ठेवलं होतं.

"काय धरून ठेवलं होतंस?"

"की गुरं मी बघणार."

मग मॅलकीला फोन केला. तो म्हणाला, काम आधी. वाईट वाटल्यासारखं काही वाटलं नाही त्याच्या बोलण्यात. मी म्हणालो की चित्रीकरण संपलं की थेट येतो. त्यानं हो आत ओढला.

१२ जानेवारी

पहिले दोन दिवस पाऊस. झगा घालून गाडीत बसून राहिलो, गुडघ्यांवर सँडविच. तिसऱ्या दिवशी माझ्या दोन प्रसंगांतला एक त्यांनी काढला आणि दुसऱ्यात मी थडग्याशी उभा राहून 'आमेन' म्हणतो. धर्मगुरू शेवटपर्यंत जिवंत राहतो हे खरं, पण बराच लांबून.

मॅलकीचं ऑपरेशन नीट झालं. कन्सेप्टा दवाखान्यात गेली होती. मी सर्दी घेऊन आलोय, अशा अवस्थेत त्याच्याजवळ जाणं बरं नव्हे.

२४ जानेवारी

पुस्तक बाहेर पडलं. सर्दी गेली पण आवाज अजून खरखरीत आहे, आणि एका इतिहासाच्या पुस्तकासाठी वाचनाचा नमुना पाठवायचाय. पुढच्या आठवड्यात घरी जाईन.

२५ जानेवारी

कन्सेप्टाचा फोन. तिनं वाचनालयातून ते पुस्तक आपल्या फोनवर घेतलं आणि मॅलकीला ऐकवायला नेलं. त्याला खुर्चीतून हलता येत नाही, दिवस जाता जात नाही, म्हणून म्हणे भावाचा आवाज सोबतीला. मला आधी सांगितलं नाही कारण मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

मी विचारलं, कसं वाटलं त्याला?

ती हसत सुटली. टेडी पहिलं वाक्य बोलला तेव्हा मॅलकीनं मान वर केली. दुसऱ्या वाक्याला तो म्हणाला, अगं, हा तर मी. मग छत्रीचं प्रकरण आलं तेव्हा तो इतका हसला की टाके दुखले.

मी म्हणालो, फार लांबलचक आहे ते पुस्तक, कंटाळेल तो. दुसरं काहीतरी दे. ती म्हणाली, वेडा आहेस का, आता तो सोडतोय होय!

२७ जानेवारी

आज स्वतः मॅलकीचा फोन. कोणीही गेलेलं नाही.

संध्याकाळी माणसं जमायला लागली आहेत. आमच्या लहानपणी जमायची तशी, दार न ठोठावता येणारी, बिस्किटांचा पुडा घेऊन. ऑपरेशनची चौकशी करायला म्हणून येतात आणि बसतात. कन्सेप्टा फोन डब्याच्या झाकणावर ठेवते म्हणजे आवाज मोठा येतो. रोज तीन-तीन प्रकरणं. टेडी बोलला की सगळे मॅलकीकडे बघतात.

"पोस्टमनसुद्धा मला टेडी म्हणून हाक मारतो," तो म्हणाला. "तू नट झालास, पण काम मला मिळालं."

त्याला इतकं बोलताना मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्याचा सूर असा होता की मध्ये शिरावंसं वाटलं नाही. अजून दहाव्या प्रकरणावर आहेत.

३० जानेवारी

रोज ठरवतो. आज दुपारी फोन हातात घेऊन बसलो आणि मनात वाक्य तयार केलं. 'मॅलकी, पुढे टेडी वाईट निघतो, मनावर घेऊ नकोस.' हे म्हटलं की तो विचारणार, कसा वाईट? आणि मग मला ते सांगावं लागणार, बाबांचं नाव न घेता. त्यापेक्षा त्यांनी ऐकणं थांबवलं तर बरं. कन्सेप्टाला सांगू का की एकतिसावं गाळ? पण ती कारण विचारेल, आणि तिच्या आईनंच त्या वेळी ट्रॅक्टरचं काढलं होतं.

शिवाय ऐकणारी माणसं शहाणी आहेत. गोष्ट ही गोष्ट असते.

१ फेब्रुवारी

ग्रेटा. वर्षातल्या उत्तम वाचनाच्या पारितोषिकासाठी पाच नावं निवडलीत, त्यात माझं आहे; प्रकाशनानं पुस्तक बाहेर पडायच्या आधीच परीक्षकांकडे पाठवलं होतं. परीक्षकांनी खास टेडीचा उल्लेख केलाय, 'ऐकताना अंगावर काटा येतो' असं काहीसं. छत्तीस वर्षांत कुठल्याही यादीत माझं नाव आलेलं नाही, सार्जंटचंही नाही.

पहिला विचार आला तो मॅलकीला सांगायचा.

२ फेब्रुवारी

आज सांगायचंच म्हणून संध्याकाळी फोन केला. त्यांचं ऐकणं सुरू होणार होतं. पारितोषिकाचं आधी सांगितलं, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मॅलकीनं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं आणि फोन खोलीभर फिरवला. एकेकजण बोलला. म्हातारा पॅकी रेग्न म्हणाला, "तुझ्या भावाला अर्धं पारितोषिक कापून दे, गाढवा, सगळं काम त्याचंच आहे." मागे हसणं. कन्सेप्टा म्हणाली, अठ्ठाविसाव्यापर्यंत आलोय, आता थांबवत नाही. मग फोन पुन्हा मॅलकीकडे गेला.

"उल्टन," तो म्हणाला, "बाबांना आवडलं असतं हे."

मी म्हणालो, असतं.

अठ्ठाविसावं झालंय, आज फोनमध्येच वेळ गेलाय, आणखी एक-दोनच होतील. म्हणजे उद्या. उद्या सकाळच्या गाडीनं जातो. समोर बसून सांगितलेलं केव्हाही बरं.

३ फेब्रुवारी

पिशवी भरून स्टेशनवर गेलो होतो. तिकीट काढलं आणि ग्रेटाचा फोन आला. पाच वाजता रेडिओवर मुलाखत, पाचही जणांची, मी नसलो तर चौघांची होईल. मी विचार केला, संध्याकाळी मुलाखत झाली की कन्सेप्टाला फोन करून आजचा दिवस ऐकणं थांबवायला सांगेन, म्हणेन की मी उद्या येतोय, शेवट मी स्वतःच वाचून दाखवतो. ही कल्पना मला आवडली. मी तिथे, चुलीपाशी, सगळे बसलेले, आणि मी टेडीला थोडा मऊ करून वाचतोय.

मुलाखत लांबली. बाहेर आल्यावर फोन केला तर उचलला नाही. ऐकत असतील.

४ फेब्रुवारी

दुपारी कन्सेप्टाचा फोन आला. मी गाडीसाठी निघत होतो.

तिनं सरळ सांगितलं. काल नऊ-दहा माणसं होती. बाप कोसळला तेव्हा पॅकी म्हणाला की आता टेडी छत्री घेऊन डॉक्टरकडे धावेल बघा. कोणी हसलं. मग टेडी चुलीपाशी बसला. मग बापानं आतून विचारलं, आणि मॅलकीच्या आवाजात तो हो आला.

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मॅलकी आपल्या हातांकडे बघत होता. कन्सेप्टानं फोन उचलला आणि म्हणाली की चार्जिंग संपलं. पॅकी म्हणाला, उशीर झाला, निघायला हवं. बिस्किटांचा पुडा तसाच उघडा राहिला.

"तुला माहीत होतं का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो की वाचायला बसलो तेव्हा माहीत नव्हतं.

"ते नाही विचारत मी. परवा फोन खोलीभर फिरत होता, तेव्हा माहीत होतं का?"

उत्तराची वाट न बघता ती म्हणाली की आज येऊ नकोस, त्याला एक-दोन दिवस जाऊ देत. मी गेलो नाही. ती म्हणाली म्हणून.

७ फेब्रुवारी, लीट्रिम

मॅलकी दारात उभा होता, एका कुबडीवर. अंगात तो कोट होता जो तो फक्त चर्चला घालतो. मला वाटलं कुठे जायचंय. पण तो बाजूला झाला आणि मला डावीकडच्या दारानं पुढच्या खोलीत नेलं. तिथे विस्तव पेटवलेला होता. टेबलावर सोनेरी काठाचे कप, बटर लावलेला पाव तिकोनी कापलेला. आई गेली तेव्हा त्या खोलीत आम्ही तिला ठेवलं होतं, लोकांना शेवटचं बघायला, त्यानंतर मी कधी बसलो नव्हतो. तिथे पाद्री बसतो, विम्याचा माणूस बसतो.

त्यानं गाडीबद्दल विचारलं. वेळेवर होती का, गर्दी होती का. तो हळूहळू बोलत होता, प्रत्येक शब्द नीट संपवून, बँकेत गेल्यावर माणसं बोलतात तसं. मी विचारलं, खुबा दुखतो का. तो म्हणाला, "हो, थोडा." सरळ, बाहेर सोडलेला हो.

शेवटी मीच काढलं. म्हणालो की मी शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं, आवाज आधीच देऊन बसलो होतो, नंतर बदलायचे दिवस ऑपरेशनच्याच तारखांना आले. हे सगळं खरं आहे. बोलत असताना ते माझ्या कानांना फार चांगलं वाचलेलं वाटलं.

तो विस्तवाकडे बघत ऐकत होता.

"तू तुझं काम केलंस," तो म्हणाला.

"मॅलकी, मला तसं कधी वाटलं नाही. बाबांच्या बाबतीत."

"मग काय वाटलं?"

मला खरंच माहीत नाही काय वाटलं होतं. मी कधी त्या विचाराजवळ गेलोच नव्हतो.

"एवढ्या वर्षांत एकदा विचारलं असतंस," तो म्हणाला, "तर मी सांगितलं असतं. त्या रात्री काय झालं ते. तुलाच सांगितलं असतं, दुसऱ्या कोणाला नाही."

"मग आता सांग."

त्यानं मान हलवली. रागानं नाही. "आता कसं सांगू? मी तोंड उघडलं की टेडी बोलेल."

मग मी पाण्यासाठी स्वयंपाकघरात जायला उठलो, तर तो माझ्या आधी उठला. मी म्हणालो, अरे, मी घेतो. तो म्हणाला, "तू बस. तिकडे पसारा आहे." एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात भरलेला पेला, तो बोळातून आला तेव्हा अर्धं पाणी त्याच्या चर्चच्या कोटावर सांडलेलं होतं. मी हात पुढे केला. त्यानं पेला टेबलावरच ठेवला.

८ फेब्रुवारी

पहाटे उठून जुने बूट शोधले आणि गोठ्याकडे गेलो. गुरांना आधीच खायला घातलेलं होतं. कन्सेप्टा खराटा भिंतीला टेकवत होती. मी म्हणालो की आज मी केलं असतं. ती म्हणाली, मॅलकीनं रात्रीच फोन करून सांगितलं होतं की नेहमीसारखीच ये.

"त्यानं काय सांगितलं?"

"तुझे कपडे खराब होतील म्हणाला."

टेडीबद्दल ती काही बोलली नाही. ती गेली तेव्हा मी गोठ्यात थोडा वेळ उभा राहिलो. एक कालवड माझ्याकडे बघत होती, तिला माझी ओळख नव्हती.

न्याहारी पुढच्या खोलीत. मी म्हणालो की मी आठवडाभर राहू शकतो, पारितोषिकाचा समारंभ लांब आहे, आणि नाही गेलो तरी चालेल. हे म्हणताना मला ते खरंच वाटत होतं. मॅलकी म्हणाला की जायला हवं, गावात सगळे विचारतील. त्यानं स्टेशनसाठी गाडी सांगून ठेवली होती, अकराची.

दारात तो पुन्हा कोट घालून उभा राहिला. सोनेरी उन्हात त्याचं तोंड थकल्यासारखं दिसत होतं. मी विचारलं, पुन्हा कधी येऊ?

"कधीही ये," तो म्हणाला. "फक्त आधी कळव. म्हणजे पुढच्या खोलीत विस्तव करून ठेवता येतो."

मी बरं म्हणालो.